सीमा ओलांडलेली घरे : ब्रिटनमधील मराठी कुटुंबांच्या आठवणी

स्थलांतराचे दोन प्रकार आहेत. एकात माणूस सीमा ओलांडतो. दुसऱ्यात सीमाच माणसाला ओलांडून जाते. आपणा कोगनोळीकरांस दुसरा प्रकार अनुभवाने ठाऊक आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली, तेव्हा त्यासाठी येथील कोणी चंबूगबाळे उचलले नव्हते. तरीही आदल्या रात्री मुंबई राज्यात असलेले गाव दुसऱ्या सकाळी म्हैसूर राज्यात होते. दूधगंगेपलीकडचे कागल पुढे महाराष्ट्रात राहिले आणि अलीकडचे आपण, १९७३ पासून कर्नाटक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राज्यात. घरात एक भाषा, कचेरीच्या कागदावर दुसरी आणि वरिष्ठ शिक्षणात तिसरी, ही व्यवस्था आपल्या तीन पिढ्यांच्या अंगवळणी पडली आहे.

ग्रंथालयाच्या शताब्दी ग्रंथात ब्रिटनमधील मराठी घरांविषयी लिहावयाचे म्हटले, तर काही सभासदांस तो विषय दूरचा वाटेल. वस्तुतः तो तितका दूरचा नाही. त्या घरांनी सीमा आपण होऊन ओलांडली, हा फरक मोठा खरा. परंतु त्यानंतर त्यांच्यापुढे उभा राहिलेला प्रश्न आपलाच होता. सभोवार दुसऱ्या भाषेचे राज्य असता आपली भाषा मुलांपर्यंत कोठवर पोचवावयाची आणि कशाच्या आधाराने? त्या घरांना काळाने या प्रश्नाचे जे उत्तर दिले, त्यात शंभर वर्षांच्या ग्रंथालयाने लक्षात घ्यावे असे बरेच काही आहे.

पुस्तके आधी पोचली

मराठी कुटुंब ब्रिटनमध्ये स्थिरावण्याच्या कितीतरी आधी मराठी पुस्तक तेथे जाऊन बसले होते. १८६७ च्या छापखाने व पुस्तके नोंदणी कायद्यामुळे हिंदुस्थानात छापल्या जाणाऱ्या पुस्तकांची सरकारदरबारी नोंद होऊ लागली आणि त्यांतील निवडक ग्रंथ लंडनला रवाना होऊ लागले. १८९२ साली ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयातील मराठी व गुजराती छापील पुस्तकांची सूची प्रसिद्ध झाली. ती जेम्स फुलर ब्लुमहार्ट यांनी सिद्ध केली होती. पुढे लंडन विद्यापीठाच्या प्राच्य व आफ्रिकी विद्या संस्थेत इयन रेसाइड हे इंग्रज प्राध्यापक मराठी शिकवीत असत. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘गारंबीचा बापू’ या कादंबरीचे इंग्रजी भाषांतर त्यांनीच केले. म्हणजे लंडन नगरीत मराठी ग्रंथांचा संग्रह होता, सूची होती आणि शिकविणारे अध्यापकही होते. उणीव होती ती त्या ग्रंथांशी नाते सांगणाऱ्या मुलांची. ती मुले पुढे आली, वाढली. पण त्यांची आणि त्या कपाटांची गाठ क्वचितच पडली.

आधीचे पांथस्थ

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत विलायतेस गेलेली मराठी माणसे बहुधा काम घेऊन गेली आणि काम आटोपून परतली. राघोबादादांचे वकील हणमंतराव १७८१ साली लंडनमध्ये होते. त्यांना सोवळ्याने स्वयंपाक करता यावा म्हणून एडमंड बर्क यांनी आपल्या बंगल्याच्या आवारातील काचघर मोकळे करून दिले होते. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांची कैफियत मांडण्यासाठी गेलेले रंगो बापूजी गुप्ते १८४० नंतर सुमारे चौदा वर्षे तेथे झगडले आणि रिकाम्या हाताने परतले.

आपल्या शेजारच्या करवीर संस्थानचा इतिहास तर याहून हृद्य आहे. छत्रपती राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडला गेले. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. आर्नो नदीच्या संगमावर त्यांना हिंदू पद्धतीने अग्नी देण्यात आला आणि तेथे त्यांची छत्री आजही उभी आहे. त्यांची प्रवासातील रोजनिशी १८७२ साली प्रसिद्ध झाली. राजाराम महाराजांच्या त्या प्रवासानंतर बत्तीस वर्षांनी राजर्षी शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेत गेले. संस्थानातील नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारा २६ जुलै १९०२ चा प्रसिद्ध हुकूम निघाला, तेव्हा महाराज इंग्लंडमध्येच होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात राहून अभ्यास करीत होते. महाराष्ट्र शासनाने ते घर २०१५ साली विकत घेतले आणि तेथे स्मारक केले. ही सर्व थोर नावे आपण शाळेत शिकलो. तथापि यांच्यापैकी कोणी तेथे संसार मांडला नव्हता. म्हणून त्यांच्या आठवणींत मुलांच्या भाषेचा प्रश्न येत नाही.

अपवाद एका आईचा. पंडिता रमाबाई १८८३ साली दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील भगिनीसंघाच्या आश्रयास त्या राहिल्या आणि पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकल्या व संस्कृत शिकवू लागल्या. ज्या भगिनींनी मायेने आधार दिला, त्यांच्याशी रमाबाईंचे मतभेद झाले. त्यांतील एक मुद्दा मनोरमेच्या संगोपनाचा होता. मुलगी इंग्रजी वळणात अशी वाढू नये की पुढे तिला आपल्या देशातील माणसे परकी वाटावीत आणि स्वतः कोणी उच्च वाटावी, अशी या आईची धारणा तिच्या पत्रव्यवहारात दिसते. परक्या देशात मूल वाढविणाऱ्या मराठी आईची ही चिंता पुढे शेकडो घरांत पुन्हा उच्चारली जाणार होती.

१९३२ साली महाराष्ट्र मंडळ, लंडन ही संस्था स्थापन झाली. त्या काळात शिकण्यासाठी गेलेल्यांत कोल्हापूरकडच्या वेणू चितळे या होत्या. त्या १९३४ साली ब्रिटनमध्ये आल्या आणि युद्धकाळात बीबीसीच्या भारतीय विभागात जॉर्ज ऑर्वेल यांच्यासमवेत काम करू लागल्या. बीबीसीचे मराठी प्रक्षेपण १९४२ मध्ये सुरू झाले आणि १९५८ मध्ये थांबले. मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने तेथे पोचण्याच्या बेतात असताना लंडनहून निघणारा मराठी आवाज बंद झाला, हा एक विलक्षण योगायोग म्हणावा लागेल. तो पुन्हा सुरू होण्यास २०१७ साल उजाडले.

तीन पौंड आणि एक ट्रंक

१९४८ हे वर्ष दोन कारणांनी निर्णायक ठरले. त्या वर्षीच्या नागरिकत्व कायद्याने राष्ट्रकुलातील नागरिकांना ब्रिटनमध्ये येऊन राहण्याचा मार्ग मोकळा ठेवला आणि ५ जुलैला तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. मोफत उपचारांचे वचन सरकारने दिले खरे, पण तेवढे डॉक्टर व परिचारिका देशात नव्हत्या. मुंबईची ग्रँट व सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यक महाविद्यालये आणि पुण्याचे बी. जे. महाविद्यालय येथील पदवीधरांना इंग्रजीतून घेतलेले शिक्षण आणि ब्रिटनमध्ये मान्य असलेली पदवी यांचा लाभ झाला. बहुतेकांचा बेत वरची पदवी घेऊन चार-पाच वर्षांत परतण्याचा होता. त्यांच्या मागोमाग अभियंते, वास्तुविशारद, शिक्षक गेले.

या पिढीच्या आठवणींत काही गोष्टी हटकून भेटतात. परकीय चलनाच्या टंचाईमुळे साठच्या दशकात देश सोडणाऱ्यास हाती अवघे तीन पौंड नेता येत. बॅलार्ड पिअरवरून सुटणारी पी अँड ओ कंपनीची बोट किंवा अँकर लाइनची ‘सिलिशिया’, ‘सर्केशिया’ ही लिव्हरपूलला जाणारी जहाजे; ट्रंकेत मेतकूट, गोडा मसाला आणि आईने बळेच घातलेली लोकरीची शाल; उतरल्यावर दिसलेला धुरकट धक्का. मग भाड्याची खोली आणि तिच्यातील शिलिंग टाकल्यावरच पेटणारी गॅसची शेगडी. गोऱ्यांखेरीज इतरांस खोली मिळणार नाही, अशा पाट्या तेव्हा उघडपणे लावल्या जात. घर आणि नोकरी यांतील हा भेद कायद्याने निषिद्ध ठरला तो १९६८ साली.

त्याच वर्षी २० एप्रिलला बर्मिंगहॅम येथे ईनॉक पॉवेल यांनी परदेशीयांच्या आगमनाविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केले. १९६० ते १९६३ या काळात हेच गृहस्थ आरोग्यमंत्री होते आणि तेव्हाही रुग्णालयांचा भार परदेशी डॉक्टरच वाहत होते. रुग्णालयात हवेसे आणि शेजारात नकोसे, हा अनुभव त्या पिढीने मुकाट्याने गिळला. मुलांना तो सांगितला गेला तो बहुधा फार उशिरा, निवृत्तीनंतर.

प्रवेशाचे नियमही आवळत गेले. १९६२ च्या कायद्याने परवान्यांची पद्धत आली. १९६५ साली बिनकसबी कामगारांचा वर्ग रद्द झाला, पण डॉक्टरांसारख्या कसबी व्यावसायिकांस दार उघडे राहिले. १९७३ पासून नवा कायदा लागू झाला. १९७५ साली तेथील वैद्यक परिषदेने भारतीय पदव्यांची सरसकट मान्यता काढून घेतली. आले ते राहिले, मागून येणाऱ्यांचा ओघ आटला. चार वर्षांचा बेत चाळीस वर्षांचा झाला. त्याचा ठराव कोणत्याही घरात कधी मंजूर झाला नव्हता.

विखुरलेली घरे

मराठी घरांचे भाषिक भवितव्य एका गोष्टीने ठरले, असे मला वाटते. ती गोष्ट म्हणजे त्यांचे विखुरलेपण. पंजाबी कामगार साउथॉलला एकत्र आले. गुजराती व्यापारी, विशेषतः १९७२ साली युगांडातून हाकलले गेल्यावर, लेस्टर व वेम्बली येथे वसले. तेथे गल्ली होती, दुकान होते, गुरुद्वारा वा मंदिर होते. मराठी डॉक्टर मात्र जेथे जागा रिकामी असेल तेथे गेला. नामांकित रुग्णालयांतील मानाच्या जागा स्थानिकांस मिळत. उत्तरेकडील गिरणगावे, वेल्समधील कोळशाच्या खाणींची खोरी, वृद्धांची व मनोरुग्णांची रुग्णालये परदेशीयांच्या वाट्यास येत. गावात एकच मराठी घर आणि शाळेत एकच मराठी मूल, अशी कितीतरी उदाहरणे घडली.

अशा घरात मराठी टिकली ती आईच्या आवाजात. वडील रात्रपाळीत, आजी सहा हजार मैलांवर. निळ्या हवाईपत्रात घडीच्या कडेपर्यंत लिहिलेला मजकूर आई वाचून दाखवी. समुद्रमार्गे पाठविलेला दिवाळी अंक संक्रांतीच्या सुमारास हाती येई आणि तरी ताजा वाटे. मूल शाळेत जाऊ लागले की उलटा प्रवाह सुरू होई. आई मराठीत विचारी, मूल इंग्रजीत उत्तर देई. काही शिक्षकांनी तर घरीही इंग्रजीच बोला, म्हणजे मुलाची प्रगती होईल, असा सल्ला सदिच्छेने दिला आणि सुशिक्षित आईवडिलांनी तो मानला. दूरचित्रवाणीचाही आधार नव्हता. बीबीसीने १९६५ साली ‘अपना ही घर समझिये’ हा आशियाई कुटुंबांसाठीचा कार्यक्रम सुरू केला तो हिंदुस्थानीत. १९९१ च्या जनगणनेत वंशाचा प्रश्न प्रथमच विचारला गेला, तेव्हा सुमारे ८ लाख ४० हजार लोकांची नोंद ‘इंडियन’ या एकाच रकान्यात झाली. त्यात मराठी किती, हे त्या रकान्याने सांगितले नाही. बाहेर मूल ‘इंडियन’, घरात मराठी, आणि सुटीत पुण्या-कोल्हापूरला आले की ‘विलायतेचे पाहुणे’. तिन्ही ठिकाणी त्याला आपली ओळख पटवून द्यावी लागे.

लंडन परिसरातील घरांना महाराष्ट्र मंडळाचा आश्रय होता. डॉलिस हिल लेनवरील मंडळाच्या वास्तूत गणेशोत्सव, दिवाळी, नाटके होत आली. दूरच्या गावांतील घरे वर्षातून एकदा मोटारीने तेथे येत. आरती मुलांना पाठ होई, पण पुष्कळदा रोमन लिपीत लिहून घेतलेल्या कागदावरून. प्रथम लिपी जाते, मग वाक्य जाते, शेवटी शब्द उरतात. आणि उरणारे शब्द बहुधा स्वयंपाकघरातले, नात्यातले आणि देव्हाऱ्यातले असतात. दोन पिढ्यांत घडलेला हा क्रम या कुटुंबांच्या आठवणींतून स्वच्छ दिसतो.

कायद्याचा आधार

ब्रिटिश शासनाने बहुसांस्कृतिक समाजाचा विचार केला नाही असे नव्हे. लॉर्ड स्वान यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा ‘सर्वांसाठी शिक्षण’ हा अहवाल १९८५ साली प्रसिद्ध झाला. सर्व मुलांना एकमेकांच्या संस्कृतीचा परिचय व्हावा, हे त्याने आग्रहाने मांडले. परंतु मातृभाषेचे जतन हे सर्वसाधारण शाळेचे काम नसून त्या त्या समाजाचे आहे, असाही निर्वाळा दिला. ज्या समाजांजवळ वस्ती होती, त्यांनी शनिवार-रविवारच्या शाळा चालविल्या. गुजराती, पंजाबी, उर्दू, बंगाली या भाषांना तेथील शालान्त परीक्षेत स्थान मिळाले. विखुरलेल्या मराठीला ते मिळाले नाही.

नेमका येथे आपल्याशी तुलनेचा मुद्दा येतो. १९५६ च्या ज्या पुनर्रचनेने आपल्याला सीमेच्या या बाजूस ठेवले, त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० अ हे कलम संविधानात घातले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे ते सांगते. त्याच्या अंमलबजावणीबद्दल आपली गाऱ्हाणी आहेत आणि सीमेचा मूळ दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तथापि सीमाभागातील मुलाला हक्क मागण्यासाठी कलम आहे, शिकण्यासाठी मराठी शाळा आहे, शाळेबाहेर मराठी बोलणारे गाव आहे. ब्रिटनमधील मराठी मुलाकडे यांपैकी एकही नव्हते. भाषेवरील प्रेमात ते आईवडील आपल्याहून उणे नव्हते. उणी होती ती घराबाहेरची जागा, जेथे भाषा वापरल्यावाचून चालत नाही.

परतलेले आणि राहिलेले

कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले जयंत नारळीकर वाराणसीत मराठी घरात वाढले, १९५७ साली केंब्रिजला गेले आणि कीर्तीच्या ऐन भरात १९७२ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परतले. ‘चार नगरांतले माझे विश्व’ हे त्यांचे मराठी आत्मचरित्र साहित्य अकादमीच्या पुरस्काराने गौरविले गेले. भूलतज्ज्ञ डॉक्टर असलेल्या मीना प्रभू यांनी लंडनमध्ये संसार व व्यवसाय केला आणि ‘माझं लंडन’ मराठीतच लिहिले. दोघांच्याही बाबतीत लेखनाची भाषा येथेच पक्की झाली होती, हे ध्यानात घ्यावे.

दुसरे चित्र मालवण तालुक्यातील वराड गावच्या अशोक वराडकर यांच्या घराचे. हे डॉक्टर साठच्या दशकात इंग्लंडला गेले. तेथे एका आयरिश परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला आणि १९७३ साली कुटुंब डब्लिनला स्थायिक झाले. त्यांचा मुलगा लिओ २०१७ साली आयर्लंडचा पंतप्रधान झाला आणि २०१९ च्या डिसेंबरात वडिलांच्या गावी आला. साऱ्या गावाने त्याला ओवाळले. तीन वर्षांनी हुबळीत जन्मलेल्या अक्षता मूर्ती यांचे पती ऋषी सुनक ब्रिटनचे पंतप्रधान झाले, तेव्हा आपल्या जिल्ह्यातही तो घरचा आनंद ठरला. ज्या देशांनी बापाला भाड्याची खोली नाकारली वा कुरकुरत दिली, तेथेच पुढच्या पिढीतील मुले सर्वोच्च पदी बसली, याचे श्रेय त्या समाजांनाही द्यावयास हवे. मात्र पद मिळणे आणि भाषा टिकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

गेल्या पंचवीस वर्षांत संगणक व्यवसायातून नवी मराठी कुटुंबे ब्रिटनमध्ये गेली. ती स्लाव, हॅरो अशा ठिकाणी एकमेकांच्या जवळ राहतात, आजी रोज पडद्यावर दिसते, मराठी पुस्तक क्षणात मिळते. जुन्या पिढीला जे मिळाले नाही ते यांना मिळाले आहे. मुलांना त्यातून वाचनाची गोडी लागली, तर पूर्वीचा क्रम बदलेलही.

ग्रंथालयापुरते

या आठवणींवरून एक गोष्ट ठामपणे म्हणता येते. बोलण्याने भाषा एक पिढी चालते; पुढच्या पिढीत ती वाचणाऱ्याच्या घरी राहते. आपल्या गावातही आज मुले इंग्रजी माध्यमाकडे वळत आहेत. बोली येथे सहजासहजी जाणार नाही, कारण गाव बोलते आहे. लिपी आणि वाचन मात्र येथेही जाऊ शकते, आणि ते जाताना आवाज होत नाही. म्हणून बालविभागाचे कपाट हे सीमाभागातील ग्रंथालयाचे सर्वांत महत्त्वाचे कपाट होय.

दुसरी विनंती सभासदांस आहे. निपाणी, चिकोडी, कागल परिसरातील अनेक घरांतून कोणी ना कोणी परदेशी गेलेले आहे. त्यांची हवाईपत्रे, बोटीची तिकिटे, जुनी पारपत्रे, छायाचित्रे आज माळ्यावरच्या ट्रंकेत पडून आहेत आणि ती वाचून अर्थ सांगणारी पिढी ऐंशीच्या घरात आहे. ही कागदपत्रे, निदान त्यांच्या प्रती, ग्रंथालयाने मागून घ्याव्यात. प्रत्येकीवर पाठविणाऱ्याचे गाव, वर्ष आणि नाते नोंदवावे. वडीलधाऱ्यांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत लिहून ठेवाव्यात. लंडनच्या ग्रंथालयाने आपली पुस्तके शतकापूर्वी सूचीबद्ध केली. आपल्या माणसांची पत्रे सूचीबद्ध करण्याचे काम आपल्याच ग्रंथालयाने दुसऱ्या शतकाच्या पहिल्या वर्षी हाती घ्यावे.